शून्य आलं म्हणून झोपलास?

ऊठ. वही मिटून ठेव, लॅपटॉप उघडाच राहू दे आणि माझ्याकडे बघ. ‘मॅडम, अलर्ट आलाच नाही, म्हणून मला वाटलं सगळं नीट चाललंय.’ काल संध्याकाळी हे वाक्य तू मला ऐकवलंस, तेही मान ताठ ठेवून. चूक झाली याचा मला राग नाही, चुका सगळ्यांच्या होतात. मला राग आहे तो या वाक्याचा.

काय झालं ते सगळ्यांसमोर सांगते. रात्री १ वाजता, लॉग इलॅस्टिकसर्चकडे पाठवणारं फाइलबीट बंद पडलं. तिकडे सर्व्हरवर लॉगच्या फाइली भरतच होत्या. पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, अशा चुका एकामागून एक त्यांत पडत होत्या. इलॅस्टिकसर्चपर्यंत मात्र एकही ओळ पोचत नव्हती. तिथे चुका शोधून मेल पाठवणारा तुझा वॉच दर ५ मिनिटांनी उठत होता. सकाळी ८ वाजता लोकांचे फोन सुरू झाले, तोवर तो ८४ वेळा उठला. वॉचर हिस्टरीचा इंडेक्स उघडून मी स्वतः मोजलंय. ८४ नोंदी आहेत. प्रत्येकीत हिट्स शून्य, कंडिशन ‘फॉल्स’, ॲक्शन काहीही नाही. एका आजोबांचे औषधांचे पैसे तीनदा कापले गेले आणि औषध एकदाही मिळालं नाही. तू तो इंडेक्स उघडलास का? नाही. मेल आला नाही, एवढंच तुला पुरलं.

वॉचने आपलं काम चोख केलं. तू त्याला दिलेला प्रश्नच अर्धा होता. ट्रिगर म्हणजे कधी उठायचं, इनपुट म्हणजे काय शोधून आणायचं, कंडिशन म्हणजे आणलेलं पाहून ओरडायचं की गप्प बसायचं, आणि ॲक्शन म्हणजे ओरडायचं कसं: मेल, स्लॅक, वेबहुक. हे तुला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणशील. पण तुझ्या इनपुटमध्ये ‘एरर’ पातळीच्या नोंदी शोधायच्या एवढंच आहे, आणि त्या १० हून जास्त भरल्या तर मेल. आता सांग: चुका झाल्याच नाहीत तर उत्तर काय? शून्य. नोंदीच आल्या नाहीत तर? तेही शून्य. ही दोन शून्यं तुझ्या वॉचला वेगळी कशी कळणार?

गावात जागल्या रात्री हाळी देत फिरायचा. हाळी आली नाही म्हणून ‘आज चोर नाहीत’ असं म्हणत कोणी कूस बदलत नसे. जागल्याला काय झालं ते बघायला लोक कंदील घेऊन बाहेर पडत. तुला एवढंच करायचं होतं. दुसरा वॉच लाव. गेल्या १० मिनिटांत त्या सर्व्हरकडून कोणत्याही पातळीची, अगदी साधी ‘इन्फो’ची नोंदही आली नसेल तर ओरड. दहा ओळींचं काम आहे रे.

‘पण मी टेस्ट केलं होतं,’ म्हणालास. काय टेस्ट केलंस? एक्झिक्यूट एपीआय चालवलास, पण ‘इग्नोर कंडिशन’ चालू ठेवून, आणि शोधाऐवजी हाताने लिहिलेला खोटा पेलोड देऊन. म्हणजे इंडेक्समध्ये शोध झाला नाही आणि कंडिशनही तपासली गेली नाही. मेल जातो, एवढंच सिद्ध झालं. त्यावर तू ‘मॉनिटरिंग पूर्ण’ असं लिहून मोकळा झालास.

आता तुझी मेलपेटी. महिनाभरापूर्वी याच वॉचचे मेल धो धो येत होते, तेव्हा तू त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर केलास आणि नियम लावून सगळे तिकडे ढकललेस. म्हणजे रात्री मेल गेला असता तरी तो तुला दिसलाच नसता! मेल का धो धो आले, हे शोधलंस का? तू क्रॉन लिहिलास लिनक्सच्या सवयीने. इथे पहिलं घर सेकंदाचं असतं, मिनिटाचं नव्हे. तिथे तू चांदणी टाकलीस, म्हणून ठरल्या मिनिटात वॉच दर सेकंदाला उठला. थ्रॉटल पिरियड, म्हणजे दोन मेलांमधलं किमान अंतर, तू दिला नाहीस. न दिल्यास तो ५ सेकंदांचा असतो, म्हणून एका मिनिटात दहा-बारा मेल. शिवाय ती वेळ यूटीसीमध्ये धरली जाते. तुझा ‘सकाळी ९’ आपल्याकडे दुपारी अडीचला वाजत होता. मग क्रॉन काढून तू ५ मिनिटांचा इंटरव्हल लावलास, आणि फोल्डर तसाच ठेवलास. ॲक कशासाठी असतो? ‘मी बघतोय’ असं एकदा सांगितलंस की कंडिशन खोटी होईपर्यंत ती ॲक्शन गप्प राहते, आणि पुढच्या वेळी पुन्हा ओरडते. ॲक करणारा माणूस जागा असतो, फोल्डरात ढकलणारा झोपलेला. मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागलं.

आणखी एक भोक आहे तुझ्या वॉचमध्ये, ते अजून कोणाला दिसलेलं नाही. तू दर ५ मिनिटांनी मागची बरोबर ५ मिनिटं शोधतोस. १० वाजून ४ मिनिटं ५८ सेकंदांची नोंद वाटेत रेंगाळली आणि १० वाजून ५ मिनिटं २० सेकंदांना पोचली, तर? १०:०५ च्या फेरीला ती अजून आलेली नाही. १०:१० ची फेरी १०:०५ च्या मागे बघतच नाही. ती नोंद कायमची सुटली. म्हणून खिडकी फेरीपेक्षा मोठी ठेवायची, ७ मिनिटांची ठेव. एखादी चूक दोनदा मोजली गेली तर आवरायला थ्रॉटल पिरियड फेरीपेक्षा मोठा दे. आणि शोधाची वेळ ‘नाऊ’पासून धरू नकोस, शेड्यूल्ड टाइमपासून धर. रांग लागून वॉच उशिरा चालला तर ‘नाऊ’ पुढे सरकलेला असतो.

तुझा वॉच ज्या क्लस्टरवर नजर ठेवतो त्याच क्लस्टरमध्ये राहतो, हेही लक्षात घे. डिस्क ९५ टक्क्यांवर गेली की त्या नोडवरच्या इंडेक्सांवर लिहिणं बंद होतं, आणि वॉचरच्या स्वतःच्या नोंदींचे इंडेक्सही त्याच क्लस्टरमध्ये असतात. क्लस्टर पडला की पहारेकरीही पडला. म्हणून देखरेखीला वेगळा क्लस्टर हवा. तो आपल्याकडे आहे, तू वापरला नाहीस.

बस खाली. आज रात्री ८ वाजता लॅबमध्ये ये. मेलचा तो नियम आधी माझ्यादेखत काढायचा. दुसरा वॉच वेगळ्या क्लस्टरवर लावायचा. मग तुझ्या हाताने फाइलबीट बंद करायचं आणि थांबायचं. मेल माझ्या फोनवर येईपर्यंत आपण दोघंही तिथेच बसू. मी डबा घेऊन येणार आहे, तूही आण.