सोपवणे आणि दूर होणे

कारभार शिकवता येतो काय, हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. १८८१ साली दिवाण सर टी. माधवराव यांनी अठरा वर्षांच्या सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि १८८२ मध्ये माधवराव दिवाणपदावरून दूर झाले.

कारेलीबागेतील आमच्या मराठी वर्गात याच धड्यासाठी आम्ही व्याख्यानाऐवजी आकाशकंदील निवडला. नियम एकच : कारभारीण झालेल्या मुलीने काड्यांना, खळीला, कागदाला स्वतः हात लावायचा नाही, कामे वाटायची आणि विचारपूस करायची. दहा मिनिटांत तिच्या हाती कात्री आली. “ह्याला जमतच नाही, बाई!” आम्ही तिला थांबवले खरे; पण पुढे कागदाचे माप चुकताना दिसताच आम्हीच रेघ आखून दिली. कंदील देखणा झाला. घरी मात्र कोणीच नेला नाही.

काम सोपवताना आपण नेमके काय देतो? नुसते श्रम सोपवले तर ती वेठ. निर्णय सोपवला, तर चुकण्याचा हक्कही त्यासोबत द्यावा लागतो. जबाबदारी मात्र देऊन टाकता येत नाही. फसलेल्या कंदिलाबद्दल पालकांना उत्तर आम्हालाच द्यायचे असते. मग आमचा हात पुढे झाला तो मुलांच्या भल्यासाठी, की स्वतःची अब्रू राखण्यासाठी? माधवरावांच्या पुढे राज्य होते, आमच्यापुढे जिलेटीनचा कागद. तरी आमच्याने दूर होववले नाही.

यंदाही कारभारीण तीच आहे. माप पुन्हा चुकणार, अशी चिन्हे आहेत. आम्ही ओसरीवर बसून आहोत.