श्रद्धेने विचारलेला प्रश्न

संस्कृतात 'श्रत्' असा एक छोटा शब्द होता. एकट्याने तो फारसा जगला नाही. 'धा' म्हणजे ठेवणे, या धातूला बिलगून तेवढा उरला. निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या संग्रहात तो सत्याच्या नावांमध्ये दिला आहे. पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं हृदयाशी जोडतात. लॅटिनमधलं 'क्रेदो' याच घराण्यातलं. मला मात्र निघंटूचा अर्थ जवळचा वाटतो. जे खरं आहे त्यावर मन ठेवणं, ती श्रद्धा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिला देवता मानून एक अख्खं सूक्त आहे.

श्राद्ध हा शब्द तिच्यापासूनच झाला. पाणिनीला त्याचे दोन अर्थ ठाऊक होते: पितरांसाठी केलेलं कर्म, आणि श्रद्धा असलेला माणूस. दुसरा अर्थ मराठीत आलाच नाही, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे उरली ती गुरुजींची वेळ, वडे, खीर, आमसुलाची चटणी. आईच्या श्राद्धाला माझ्या भाचीने विचारलं, "आत्या, हे आजीला पोचतं का गं?" त्यावर एक वडीलधारे म्हणाले, "श्रद्धेच्या गोष्टीत प्रश्न विचारू नयेत." मी कॉलेजात कठोपनिषद शिकवते. ते वाक्य मला फार लागलं.

कठोपनिषदात वाजश्रवस सर्वस्व दान करायला निघतो, आणि गाई देतो त्या कशा? शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. दक्षिणा नेली जात असताना त्याच्या कोवळ्या मुलाच्या, नचिकेताच्या मनात श्रद्धा शिरली, असं उपनिषद सांगतं. शंकराचार्य भाष्यात म्हणतात, ही श्रद्धा बापाच्या हिताच्या इच्छेतून आलेली. आणि ती शिरल्यावर पोरगा काय करतो? असल्या दानाने देणारा कुठल्या लोकी जाईल, याचा विचार करतो आणि बापाला विचारतो, "मला कुणाला देणार?" उत्तर येत नाही म्हणून पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदाही विचारतो. बाप चिडून म्हणतो, मृत्यूला.

पुढे नचिकेता यमाच्या घरी जातो आणि मेल्यावर माणूस उरतो की नाही, असं त्यालाच विचारतो. हा प्रश्न सोडावा म्हणून यम त्याला धन, राज्य, दीर्घायुष्य, सगळं देऊ करतो. पोरगा बधत नाही. तेव्हा प्रत्यक्ष यम म्हणतो की, प्रश्न विचारणारा मिळावा तर असा. भाचीला मी हीच गोष्ट सांगितली. पितृपंधरवड्यात घरातल्या मुलांनी काही विचारलं, तर पानं वाढायला थोडा उशीर होऊ द्या, पण त्यांना गप्प बसवू नका.