खिळ्याची नोंद

घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून गायमुखापर्यंत कुठल्याही बांधकामावर सेंटरिंग खोललं की फळ्यांचा ढीग पडतो. फळ्यांतले खिळे तसेच राहतात, कारण ते उपटत बसायचा रोज कुणी देत नाही. त्यावर स्लिपर घातलेला पाय पडतो. माणूस फळीसकट पाय उचलतो, दात आवळून खिळा खेचून काढतो. रक्त फारसं येत नाही, भोक मोहरीएवढं. कुणी त्यात हळद दाबतं, कुणी तंबाखूचा चुना. मुकादम म्हणतो, “टीटी मारून ये,” म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन.

टोचण्याबद्दल वैद्यकशास्त्र एरवी फार काटेकोर बोलतं. मणक्यांमधून पाणी काढलं तर लंबर पंक्चर, छातीतून काढलं तर थोरॅकोसेंटेसिस, पोटातून पॅरासेंटेसिस, गर्भाशयातून ॲम्निओसेंटेसिस. संमतीपत्र घेतात, सुई कुठे घातली, किती मिलिलिटर निघालं, रंग कसा होता, सगळं कागदावर येतं. ॲम्निओसेंटेसिसचा लिंगनिदानासाठी इतका गैरवापर झाला की महाराष्ट्राने 1988 साली, केंद्राच्या सहा वर्षं आधी, त्यावर कायदा केला. म्हणजे मनावर घेतलं तर टोचण्याचा हिशेब ठेवता येतो. पण हा काटेकोरपणा डॉक्टरने केलेल्या भोकापुरता. खिळ्याने केलेल्या भोकाला केसपेपरवर एक ओळ मिळते: खिळा लागला, टीटी दिलं.

या ओळीत नेमकं हवं तेच नसतं. खिळा किती खोल गेला? पायात काय होतं? धनुर्वाताला गंज कारणीभूत नसतो. नवाकोरा खिळाही तेवढाच वाईट. जंतूचे बीजाणू माती-शेणात असतात, ते खिळ्याबरोबर आत जातात, वरची कातडी मिटते आणि आत प्राणवायू न पोचणारी जागा त्यांना आयती मिळते. शिवाय खिळा चपलेचं रबर किंवा मोज्याचा धागा आत ढकलतो. लोखंडाचा तुकडा एक्स-रेत दिसतो, हे सहसा दिसत नाहीत. स्पंजाच्या तळव्याच्या बुटातून खिळा गेला तर स्यूडोमोनास नावाचा जंतू हाडापर्यंत पोचू शकतो. म्हणून बूट वाटले की झालं, असंही नाही.

आणि ते एक इंजेक्शन? ज्याचे आधीचे डोस पूर्ण आहेत त्याला ते पुरतं. ज्याने कधीच लस घेतलेली नाही, त्याच्या शरीराला पहिल्या डोसानंतर तयार व्हायला आठवडे लागतात. आजच्या जखमेला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. त्याला तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन लागतं आणि पुढचे दोन डोसही. देशाचा लसीकरण कार्यक्रम 1978 साली सुरू झाला आणि खेड्यापाड्यांत पोचायला आणखी वर्षं गेली. गरोदर बायकांना धनुर्वाताची लस मिळत राहिली. 2015 साली माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, ही मोठीच कमाई. पन्नाशीचा गवंडी मात्र या दोन्ही रांगांत बहुधा कधी उभाच नव्हता. त्याला लहानपणी लस मिळाली का, हे त्यालाही सांगता येत नाही, म्हणून दर खिळ्याला पुन्हा एक टीटी. लक्षणं साधारण 3 ते 21 दिवसांत दिसतात. तोवर तो कासारवडवलीहून दुसऱ्या साइटवर, नाहीतर गावी गेलेला असतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरवर सगळं ढकलणं मला पटत नाही. बाहेर रांग असते, आणि मजुरालाही खाडा परवडत नाही. बांधकाम मजुरांसाठी 1996 साली कायदा झाला, बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर बसला, मजुरांच्या कल्याणकारी मंडळाकडून सुरक्षा संच मिळू लागले. पण नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाक्यावरून रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला तो मिळवताना नाकी नऊ येतात.

मोठ्या साइटवर निदान फोटोचा गेटपास असतो. मागच्या बाजूला लसीच्या तीन तारखा सहज मावतील. त्या लिहायला ना नवा कायदा लागतो, ना नवं मंडळ. खिळा लागल्यावर डॉक्टरने पहिल्यांदा ती बाजू पाहावी, मग साबण-पाण्याने जखम नीट धुवावी, चपलेचं भोक तपासावं आणि त्यातला रबराचा तुकडा गेला कुठे, ते शोधावं.