गैरहजर माणसाचा वाटा

व्हीसीआरला केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडणं हे काम तसं पाच मिनिटांचं. बॉक्सच्या मागून पिवळी, पांढरी आणि असलीच तर लाल वायर काढायची, ती व्हीसीआरच्या 'इन'मध्ये खुपसायची, 'आउट'मधून टीव्हीकडे न्यायची आणि व्हीसीआरवर चॅनेलऐवजी 'एव्ही' लावायचं. खरी अडचण वायरी जोडून झाल्यावर सुरू होते. व्हीसीआरचा टायमर आठ वाजता इमानदारीत जागा होतो, पण बॉक्सला त्याची काहीच खबर नसते. तेव्हा बॉक्स आधीपासून चालू हवा, त्यावर हवी तीच वाहिनी लागलेली हवी, आणि पुढचा अर्धा-पाऊण तास रिमोटला कुणी हात लावता कामा नये. म्हणजे घरातल्या बाकीच्यांनी तेच बघायचं, नाहीतर टीव्ही सोडून दुसरं काहीतरी करायचं.

आता ही मांडामांड दहा बाय बाराच्या खोलीत करून बघा. परळच्या चाळीतली सून केईएममध्ये परिचारिका आहे, तिची दुपारपाळी आहे, आणि तिला रात्री आल्यावर 'चार दिवस सासूचे'चा भाग बघायचा आहे. सासऱ्यांना त्याच वेळी बातम्या हव्यात. पोराला क्रिकेट. घरात असलेली माणसं तीन, नसलेलं माणूस एक, आणि बॉक्सही एकच. वाहिनी कोणाची लागणार?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याचा गाभा किरकोळ नाही: जो समोर नाही, ज्याला स्वतःसाठी भांडता येत नाही, त्याच्यासाठी हजर असलेल्यांनी किती सोसायचं? आपल्याकडे 'दृष्टीआड सृष्टी' म्हणतात ते उगाच नाही. समोर असलेल्याची गरज दिसते, तिला आवाज असतो, ती रुसते. नसलेल्याची गरज कुणीतरी मुद्दाम आठवावी लागते.

गंमत अशी, की हा पेच व्हीसीआरने निर्माण केला नव्हता. जुन्या केबलच्या काळात तो उद्भवतच नसे. केबलवाल्याची काळी वायर आधी व्हीसीआरमध्ये शिरायची आणि तिथून टीव्हीत. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर होता. त्यामुळे तो एक वाहिनी गुपचूप टेपवर उतरवत असताना टीव्हीवर दुसरी लावता यायची. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला किंवा दुबईहून कुणाच्या तरी सामानातून आलेला तो डबा एकाच वेळी दोन माणसांची सोय करत होता. पुढे दक्षिण मुंबईच्या ठरावीक भागात ३१ डिसेंबर २००६ पासून 'कॅस' आलं. तीस फुकट वाहिन्यांचे महिना ७७ रुपये, आणि पैसे भरून बघायच्या वाहिन्या प्रत्येकी ५ रुपयांच्या आत, पण बॉक्समधूनच. तोवर व्हीसीआर म्हातारा झाला होता, तरी गिरगावात टीव्हीखालच्या कप्प्यात प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलेले बरेच होते. वायरीला स्प्लिटर लावला तर निदान फुकट वाहिन्या थेट टीव्हीवर बघता यायच्या. २०१२च्या ३१ ऑक्टोबरनंतर सगळ्या मुंबईतच ती थेट वायर मुकी झाली. बघणं आणि साठवणं या दोन वेगळ्या गोष्टी एका चिंचोळ्या तोंडातून जायला लागल्या, आणि घरातल्या घरात मतदानाची वेळ आली. घरोघरी दोन-दोन बॉक्स घ्यावेत, अशीच कुणाची तरी इच्छा असावी, असं मला कायम वाटत आलंय.

गैरहजर माणसाचा वाटा ही कल्पना गिरणगावाला नवी नाही. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, आणि लालबाग-परळच्या गाळ्यांत एकाच पथारीवर पाळीपाळीने माणसं झोपायची. एक कामावर गेला की दुसरा त्या जागी आडवा व्हायचा. खानावळीतल्या बाया रात्रपाळीवाल्याचं ताट झाकून ठेवायच्या. (याच बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.) झाकलेल्या ताटाकडे जरा नीट बघितलं पाहिजे. त्यात नसलेल्या माणसाची उपस्थिती मान्य केलेली असते. कुणी जास्तीची भाकरी मागितली तर 'ती त्याची आहे' असं सांगणारं कुणीतरी तिथे असतं. तो वाटा पातेल्यातून वजा होतो, बाकीच्यांना तेवढं कमी मिळतं, आणि त्याबद्दल सहसा कुणी कुरकुर करत नाही.

मग सुनेच्या मालिकेबद्दलच कुरकुर का? ताटाचा आणि टेपचा हिशेब एक नाही, असं कुणी म्हणेल. भाकरी बाजूला ठेवली तरी बाकीचे जेवू शकतात. बॉक्स मात्र एकासाठी अडकला की सगळ्यांसाठी अडकतो. हे खरं आहे. दुसरा आक्षेप असा, की जेवण ही गरज आणि मालिका ही चैन. हा आक्षेप मला मुळीच पटत नाही, कारण तो नेमका नसलेल्या माणसाच्याच बाबतीत काढला जातो. सासऱ्यांच्या बातम्या आणि पोराचं क्रिकेट हीसुद्धा चैनच आहे, पण ते समोर बसलेले असल्यामुळे त्यांना कुणी गरजेचा पुरावा मागत नाही.

शिवाय ती मालिकेपेक्षा जास्त काहीतरी मागत असते. दुसऱ्या दिवशी नळावर, चाळीच्या गॅलरीत, लोकलच्या बायकांच्या डब्यात जे बोलणं चालतं, त्यात तिला आपली जागा हवी असते. 'रामायण' १९८७च्या जानेवारीपासून दर रविवारी सकाळी लागायचं तेव्हा ज्याची रविवारी ड्यूटी, तो आठवडाभर त्या बोलण्याबाहेर पडायचा. बेस्टचा ड्रायव्हर, पोलीस, वॉर्डबॉय यांच्यामुळे शहर सुट्टीच्या दिवशीही चालायचं आणि त्यांनाच शहराच्या गप्पांत भाग घेता यायचा नाही. त्यांच्यासाठी कुणी टेप लावून ठेवत असेल, तर मी त्याला चैन म्हणणार नाही.

पण टेप हे सगळं परत देऊ शकते का? चित्र परत देते, वेळ नाही. एकत्र बघतानाचा 'अरे देवा' परत येत नाही. वर नसलेल्या माणसाची मागणी आणखी वाढते: 'पुढे काय झालं ते सांगू नका हं.' म्हणजे आता बाकीच्यांनी रिमोट तर सोडायचाच, तोंडही बंद ठेवायचं. ब्लॉकच्या बंद दारामागे हे जमेल. चाळीत, जिथे शेजारच्या घरातला टीव्ही आपल्या घरात ऐकू येतो, तिथे अख्ख्या मजल्याने गप्प बसावं अशी अपेक्षा कोण करणार? वाट्याला कुठेतरी मर्यादा असते, आणि माझ्या मते ती इथे येते. तुझ्यासाठी अर्धा तास बॉक्स अडवू, पण तुझ्यासाठी गॅलरी मुकी करणार नाही. ताट झाकून ठेवतात, म्हणून बाकीच्यांनी जेवणाची चव एकमेकांना सांगायची नाही असं थोडंच आहे.

कायद्याने या भानगडीकडे कसं बघितलं, तेही मजेशीर आहे. अमेरिकेत स्टुडिओंनी सोनीवर दावा लावला. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की प्रसारण नंतर बघण्यासाठी घरी उतरवून घेणं हा गुन्हा नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्येही, जो रेकॉर्ड करतो त्याच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मुभा आहे. दोन्हीकडे डोळ्यांसमोर एकच माणूस आहे: तोच बटण दाबतो, तोच नंतर बघतो. परळच्या खोलीत बटण दाबते सासू आणि बघते सून. कायद्यातल्या एका माणसाच्या जागी इथे दोन आहेत, आणि त्यांच्यातलं देणंघेणं कुठल्याच कलमात बसत नाही.

ते देणंघेणं कॅसेटच्या पाठीवर मात्र दिसायचं. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक बारकी टिकली असते. ती स्क्रू-ड्रायव्हरने तोडली, की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. लग्नाची, मुंजीची कॅसेट अशी सुरक्षित करायची. आणि तीन तासांची कोरी कॅसेट ऐन वेळी सापडली नाही, तर त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की काम व्हायचं. एवढं सोपं होतं ते. टिकली तोडणारा आणि सेलोटेप लावणारा सहसा एकच माणूस नसे. पुसली गेलेली गोष्ट कुणाची असायची, हे बघण्यासारखं आहे: माहेरी गेलेल्या मुलीचं गॅदरिंग, वारलेल्या मामांचं भाषण. जी माणसं त्या क्षणी खोलीत नसत, त्यांची.

आता यातलं काहीच उरलेलं नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, पण आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेले होते. मालिका केव्हाही फोनवर सापडते. कुणाला कुणासाठी काही राखून ठेवावं लागत नाही, रिमोट अडवावा लागत नाही. सुनेची सोय झाली यात शंका नाही, आणि तिच्या वाट्यासाठी तिला कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही हे चांगलंच आहे. सासूने विसरल्यासारखं करून टायमर न लावण्याचे प्रकारही संपले. तरी झाकलेल्या ताटात जेवणाखेरीज आणखी काहीतरी असायचं, ते फोनवर येत नाही. घरातल्या कुणीतरी साडेसात वाजता घड्याळाकडे बघून म्हटलेलं असायचं, 'तिचं लावायचंय हं आठला.'

परळची चाळ पुनर्विकासात गेली, बिऱ्हाड डोंबिवलीला हललं. सून अजून केईएममध्येच आहे. रात्रीच्या गाडीत खिडकी मिळाली की ती कानात इअरफोन घालून आजचा भाग बघते. घरी पोचते तेव्हा सासूबाई जाग्याच असतात, आपल्या फोनवर दुसरंच काहीतरी बघत. जेवण ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं.