पोतं आणि पोथी

पुष्कळ वर्षांपूर्वी पुण्याच्या मार्केट यार्डात एका सप्ताहात माझी कीर्तनसेवा होती. गुडघे अजून साथ देत होते तेव्हाची गोष्ट. रात्री नऊ ते अकराची वेळ. समोर बहुतेक मंडळी कांदा-बटाटा आणि भुसार विभागातली, म्हणजे हमाल, तोलणार, टेम्पोवाले. मागे खुर्च्यांवर दोन-चार आडते. निरूपण वैराग्याचे. अभंगाची पहिली चाल संपते न संपते तोच पुढच्या दोन रांगांत माना पडू लागल्या. मला राग आला. मी टाळकऱ्यांना थांबवले आणि म्हणालो, "देवाच्या दारी येऊन झोपायचे तर लंकेत जा, तिथे कुंभकर्णाशेजारी जागा आहे." मंडप हसला. झोपलेले दचकून उठले, ओशाळून बसले. आपण फार नेमके बोललो, असे मला त्या वेळी वाटले.

कीर्तन झाल्यावर एक म्हातारा हमाल पाया पडायला आला. खांद्याला घट्टे, कमरेला आकडी तशीच. म्हणाला, "माफी करा महाराज, पहाटे तीनला आलो. आज तीन गाड्या खाली केल्या." मग त्याने मला एक शंका विचारली. ती पुढे सांगेन. पण त्या रात्रीपासून एक काटा माझ्या मनात रुतून बसला. मी चार वर्षे आळंदीत पोथीपाशी बसलो, पुढे जन्मभर लोकांच्या घरचे जेवलो. देवाची सेवा माझी, की तीन गाड्या खाली करून आलेल्या त्या माणसाची?

तुम्ही चटकन सावता महाराजांचे नाव घ्याल. आपल्या संतांच्या नावातच धंदा आहे, माळी, कुंभार, सोनार, न्हावी. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण अरणला पांडुरंगाची पालखी जाते. याहून मोठा निकाल कोणता?

निकाल खरा, पण आपण तो फार स्वस्तात वापरतो. यार्डातच एका गाळ्यावर 'काम हाच विठ्ठल' अशी पाटी मी पाहिली आहे, आणि त्या गाळ्यावरच्या काट्याविषयी तोलणारेच हसत असत. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. सावतोबांचे अभंग आज आपल्याकडे आहेत, थोडेच, 37च्या आसपास, ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून. खुरप्याशेजारी कोणी लेखणी घेऊन बसला नसता, तर त्या मळ्याची वार्ता आपल्यापर्यंत आली नसती.

या प्रश्नावर सर्वांत कसून भांडलेली मंडळी मला पुण्यातच भेटली. तुकोबारायांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, तिथून रास्ता पेठ जवळच. लष्करातले 1867चे लाल देऊळ सगळ्यांना ठाऊक असते, ते बगदादी यहुद्यांचे, डेव्हिड ससून यांनी बांधलेले. पण आपली मराठी बोलणारी बेने इस्राएल मंडळी रास्ता पेठेतल्या प्रार्थनामंदिरात जातात. तिथले एक वृद्ध गृहस्थ माझ्या कीर्तनाला येत. मला नवल वाटले, तर ते म्हणाले, "बुवा, आमचे पूर्वजही कीर्तने करत होते." आणि ते खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत बेने इस्राएलांनी अब्राहाम, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनात लावली होती.

त्यांचे पूर्वज कोकणात अलिबागच्या आसपासच्या गावांतून तेलाचे घाणे चालवीत. दिवेकर, केहिमकर, अष्टमकर ही आडनावे त्या गावांचीच. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शेकडो वर्षे ना पंडित, ना पाठशाळा. तोरा म्हणजे त्यांचा वेद, तो हातून गेला, भाषाही गेली. राहिले काय? मुलांची सुंता, खाण्यातला सोवळेपणा, 'शमा' ही एक प्रार्थना आणि शनिवारचा थांबलेला घाणा. मग राहाबी नावाचा पुरुष आला. कोणी त्याला फार प्राचीन काळात नेतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीच्या व्यापारी घराण्यातला मानतात. परंपरा सांगते की त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले-पर असलेलेच निवडून रांधायला घेतले. त्यावरून त्याने आपली माणसे ओळखली. मग तीन घराण्यांतली माणसे निवडून त्याने त्यांना शिकवले, ते त्यांचे काजी झाले.

माउली, इथे थोडे थांबा. जे घाण्याला आणि चुलीला बांधलेले होते ते टिकले. जे पोथीत होते आणि ज्यासाठी कोणालाच मोकळे ठेवता आले नाही, ते बुडाले. आणि बुडालेले वर काढायला पुन्हा पोथी जाणणाराच यावा लागला.

त्याच गृहस्थांनी मला तालमूदातली एक कथा सांगितली. रब्बी शिमोन बार योहाय रोमन सत्तेविरुद्ध बोलले, म्हणून मुलासह गुहेत लपले. खायला एका झाडाच्या शेंगा, प्यायला झरा. कपडे झिजू नयेत म्हणून गळ्यापर्यंत वाळूत बसून बारा वर्षे अध्ययन. बाहेर आले तर शेतकरी नांगरताना दिसला. शाश्वत सोडून हे लोक नाशिवंतात रमतात, असा त्यांना संताप आला, आणि जिकडे नजर जाईल तिकडे जळू लागले. तेव्हा आकाशवाणी झाली की माझी सृष्टी जाळायला बाहेर आलात काय, परत गुहेत जा. आणखी बारा महिने गेले. पुन्हा बाहेर आल्यावर मुलाच्या नजरेने जे पोळले ते बापाच्या नजरेने बरे होऊ लागले. शब्बाथ लागण्याच्या सांजवेळी त्यांना एक म्हातारा सुगंधी डहाळ्यांच्या दोन जुड्या घेऊन धावताना दिसला. कशाला, विचारले, तर शब्बाथच्या मानासाठी. तेव्हा कुठे त्या दोघांचे मन निवले.

ही कथा ऐकली आणि मला माझा कुंभकर्ण आठवला. मीही गुहेतून थेट मार्केट यार्डात आलो होतो.

याच शिमोनांचा वाद रब्बी इश्माएलांशी होता. इश्माएल म्हणत, अध्ययनाबरोबर शेती-धंदा चालू द्या. शिमोन म्हणत, नांगरणी, पेरणी, मळणी करत बसाल तर तोरा कधी शिकाल? पुढच्या काळातल्या अबाये यांनी तत्त्वाचा निवाडा केलाच नाही. नुसता अनुभव सांगितला, की इश्माएलांसारखे वागले त्या पुष्कळांचे जमले, शिमोनांसारखे वागले त्या पुष्कळांचे जमले नाही. मला हे उत्तर फार आवडते. त्यात शिमोन खोटे ठरत नाहीत. फक्त सगळ्यांनी शिमोन होऊ नये, एवढेच ठरते.

वाद आजही मिटलेला नाही. 1948 साली इस्राएल राष्ट्र झाले तेव्हा सुमारे 400 अध्ययनार्थींना लष्करी सेवेतून सवलत दिली गेली. पुढे त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली, आणि जून 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही भरती करावे लागेल असा निकाल दिला. एकाच्या अध्ययनाचा भार दुसऱ्याच्या मुलाने किती वाहावा, हा तिथे घरोघरचा प्रश्न आहे.

बाराव्या शतकातले त्यांचे थोर आचार्य मैमोनिदीस यांनी तर फार कडक लिहून ठेवले आहे, की कामधंदा सोडून दानावर जगेन आणि शिकेन असे जो ठरवतो तो देवाच्या नावाला काळिमा लावतो. स्वतः ते मिसरात वैद्यकी करून पोट भरत. आपल्याला हे परके वाटू नये. कीर्तनाचे पैसे देणाऱ्या-घेणाऱ्याला तुकोबांनी काय सुनावले ते तुम्हाला पाठ आहे, आणि आम्हा बुवालोकांची पाकिटेही तुम्हाला ठाऊक आहेत. मीही घेतली.

पण मैमोनिदीसांचा एक धाकटा भाऊ होता, दावीद, रत्नांचा व्यापारी. घरचा भार त्याने उचलला, म्हणून थोरल्याला लिहिता-वाचता आले. हा दावीद हिंदुस्थानकडे व्यापाराला निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. त्यानंतर मोठा भाऊ कित्येक दिवस अंथरुणाला खिळला, आणि मग वैद्यकीवर घर चालवू लागला. म्हणजे ते कडक शब्द लिहिणाऱ्याची पोथीसुद्धा काही वर्षे दुसऱ्याच्या गलबतावर चालली होती. यहुद्यांत याला एक जुनी वाटही आहे. याकोबाच्या मुलांपैकी जबुलून व्यापार करी, इस्साखार अध्ययन करी, आणि पुण्याची वाटणी दोघांत होई. उपकार नाही, भागीदारी.

जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. आम्ही मुले झोळी घेऊन माधुकरीला जायचो, गावची भाकरी खायचो. शिवाय माझा थोरला भाऊ दर सुगीला ज्वारीचे एक पोते पाठवी. गावाकडून एसटीच्या टपावर, आळंदीच्या थांब्यावर स्वतःच्या पाठीवर उतरवून. पुण्याची वाटणी करावी हे मला कधी सुचले नाही. माझी समजूत अशी की तो संसारात अडकला आणि मी सुटलो.

आता त्या हमालाची शंका. तो म्हणाला, "महाराज, चाळीस वर्षं हरिपाठ म्हणतो. त्यात चार मुक्ती येतात, त्या कोणत्या?" मंडपाच्या खांबाशी आम्ही बसलो. मी सांगितले, देवाच्या लोकी राहायला मिळणे ती सलोकता, जवळ राहणे ती समीपता, त्याच्यासारखे रूप होणे ती सरूपता, त्यातच मिळून जाणे ती सायुज्यता. तो बोटांवर मोजत होता. म्हणाला, "म्हंजे पंढरीत ऱ्हाणं पयली, आन विटंजवळ उभं ऱ्हाणं दुसरी. तिसरी आमच्या कामाची नाय, कमरेवर हात ठिवून पोतं कोण उचलंल?" आम्ही दोघे खूप हसलो. मग तो उठला. पहाटे पुन्हा गाडी होती.

त्याला ते सांगता आले, कारण आळंदीत चार वर्षे मला कोणी पोते उचलायला लावले नाही. तेवढ्यापुरती ती ज्वारी कामी आली म्हणायची.

दादा जाऊन आता अकरा वर्षे झाली. तोही रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचा, गोठ्यात धारा काढता काढता. चार मुक्ती कोणत्या, हे त्याने मला कधी विचारले नाही, आणि मीही त्याला कधी सांगितले नाही.