ढीग किती दिवसांचा होता?

विनोदी पुस्तक एकट्याने वाचताना माणूस मोठ्याने हसत नाही. ओठ जरा हलतात, फार तर नाकातून हवा सुटते. शेजारी चारजण असले की तेच वाक्य पोट धरून हसवतं. वाक्य बदललेलं नसतं. हसायला सोबत मिळालेली असते.

निफाडला आम्ही काहीजण रविवारी सकाळी एका अंगणात जमतो. घरात नाही, कारण जानेवारीत इथे उन्हाइतकी किमती वस्तू दुसरी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा छापून येण्याआधीच अंगणात पोचलेला असतो. ज्यांच्या द्राक्षबागा आहेत ते रात्रभर शेकोट्या धगधगत ठेवून आणि पहाटे ठिबक चालू करून आलेले असतात. डोळे तांबडे, स्वेटरला धुराचा वास. पुस्तकाची प्रत एकच आहे. एकीच्या मुलीने ती पुण्याहून पाठवली. इंग्रजीचे निवृत्त सर परिच्छेद वाचतात आणि मग मराठीत सांगतात. तळटीपासुद्धा सोडत नाहीत. या लेखकाच्या तळटीपा सोडल्या तर निम्मी गंमत गेली, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे.

लेखक टेरी प्रॅचेट. इंग्लंडचा, 2015 साली गेला. पुस्तक 1992 चं, ‘स्मॉल गॉड्स’. त्यातलं जग ताटासारखं चपटं आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशात पोहत चाललेलं. त्या जगातल्या एका देशात मात्र पुरोहितांचा हुकूम असा की जग चेंडूसारखं गोल आहे. कासवाचं नाव काढील तो पाखंडी. त्याचे हाल हाल होतात. या देशाचा देव भूतलावर अवतरतो. थाटामाटाचं काही रूप घ्यावं असा त्याचा बेत असतो, पण होतो एवढंसं कासव. गरुड त्याला उचलतो, वरून टाकतो, आणि ते मंदिराच्या बागेतल्या कुजणाऱ्या पाल्याच्या ढिगावर येऊन पडतं. तिथे बागकाम करणाऱ्या ब्रूथा नावाच्या एका भोळ्या शिष्याला तेवढा त्याचा आवाज ऐकू येतो. देवाचं नाव ओम. ते ऐकून दोघं-तिघं जरा चमकले, पण रागावलं कुणी नाही.

एवढं सांगून सर थांबले. कासवावर पृथ्वी, याला कुणाची हरकत नव्हती. हत्ती तर आपल्याकडे आठ आहेत, चारच का, एवढंच कुणी विचारलं. देव कासव झाला, तेही चाललं. मग मागून एक बागाईतदार म्हणाले, “सर, ढीग किती दिवसांचा होता?”

सरांना कळेना.

“नाही, ताजा असंल तर आत हात घालवत नाही इतका तापलेला असतो. कासव भाजून निघंल. चांगला कुजलेला असंल तर ठीक.”

सगळे हसले, ते हसले नाहीत. त्यांना खरोखरच माहिती हवी होती. सरांनी पान उलटून पाहिलं. तसा काही खुलासा मिळाला नाही. ती शंका आजही आमच्यात शिल्लक आहे.

मला ती फार आवडली. मोठं नवल आपण घोटासरशी गिळतो, बारीकसं घशात अडकतं. गोष्टीपुरतंच नव्हे. एका रात्रीत पारा घसरतो, वर्षाची बाग हातची जाते, आणि माणूस म्हणतो, निसर्गापुढे कुणाचं चालतं? लासलगावला कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा, त्यालाही मान डोलावतो. तोच माणूस शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला म्हणून वर्षानुवर्षं तारखा करतो. अफाट गोष्टींशी भांडता येत नाही, म्हणून आपण त्या मान्य करत असू. बांधाशी भांडता येतं.

शिवाय कासव आपल्याला नवं नाहीच. कुठल्याही जुन्या देवळात जा, गाभाऱ्याच्या अलीकडे फरशीत दगडाचं कासव बसवलेलं असतं. पाठ पावलांनी आणि हळदीकुंकवाने गुळगुळीत झालेली. पाय चार बाजूंना आखडलेले. इंद्रियं अशी आत ओढून घ्यावीत, हा गीतेतला दाखला कीर्तनकार तिथेच उभे राहून देतात. आपण त्याला हात लावून पुढे जातो आणि देवाकडे बघतो. या कादंबरीत पुढे जायला जागाच ठेवलेली नाही. देव तिथेच, फरशीवर आहे, आणि त्याला भूक लागली आहे.

हा देव चिडका आहे. धमक्या विजेच्या देतो. अंगात त्राण कासवाचं. सर त्याचं बोलणं वाचायला लागले की आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकू पदर तोंडाला लावून हसतात. एकदा त्या म्हणाल्या, “आमच्या जनीकडे तो दळायला बसला, तेव्हा नाही कुरकुरला.” त्यावर नाथांघरी पाणी भरणारा श्रीखंड्या निघाला, दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन दरबारात गेलेला देव निघाला. वाचन तिथेच थांबलं आणि अर्धा तास आपल्याच गोष्टी झाल्या. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या पुस्तकात कुणी मानत नाही म्हणून देव लहान होतो. आपल्याकडे कुणीतरी मनापासून मानतं म्हणून देव लहान होतो.

पुस्तकातल्या त्या देशात मंदिरं भरलेली, रांगा लागलेल्या, कायदेकानू कडक, आणि तरी देवावर विश्वास एकट्या ब्रूथाचा. बाकीच्यांचा विश्वास मंदिरावर, त्याहून अधिक मंदिरातल्या अधिकाऱ्यांच्या धाकावर. सरांनी हे सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. आमच्यात एका देवस्थानाचे विश्वस्त आहेत. त्यांनी चहाचं काय झालं, असं विचारलं.

न्यायमूर्ती रानडे याच निफाडचे. 18 जानेवारी 1842 चा जन्म. प्रार्थना समाजात एका निराकार ईश्वराची उपासना करणाऱ्या त्या गंभीर माणसाला हे कुरकुरं कासव कितपत मानवलं असतं, कोण जाणे. पण 1878 साली लोकहितवादींच्या जोडीने त्यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. वाचणाऱ्यांना बोलावायची गरज नव्हती. ते दर श्रावणात देवळात जमतच होते. एकाने श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ वाचायचा, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी बकासुराचा गाडाभर भात खाणाऱ्या भीमाला हसायचं. राक्षस, शाप, आकाशवाणी यांत कुणाला काही खटकत नसे. आता नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पेट्या गावोगाव आणि परदेशातही फिरतात. फार मोलाचं काम आहे ते. पण पेटीतलं पुस्तक माणूस घरी नेऊन एकटाच वाचतो. आमच्याकडे एकच प्रत असल्याने आम्ही नकळत पोथीकडे परत गेलो. दोन प्रती असत्या तर हे अंगण भरलं असतं का, याची मला शंका आहे.

आता बागांची काढणी सुरू होईल. व्यापारी येतील, क्रेट येतील, रविवारी माणसं कमी होतील. ठरलंय असं की असतील तेवढ्यांत पुढे वाचायचं आणि चुकलेल्यांना मागची गोष्ट काकूंनी सांगायची. काकू सांगतात झकास. मात्र पुस्तकात नसलेलंही सांगतात, आणि सर आता त्यांना टोकत नाहीत. पुस्तकातला तो देश वाळवंटाच्या कडेचा आहे. काकूंच्या कासवाने गेल्या रविवारी थंडीची तक्रार केली आणि ब्रूथाकडे गोधडी मागितली.