गोडाची मात्रा

गोडाधोडावाचून मराठी घरातील कोणतेही शुभकार्य पुरे होत नाही. पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी, भाद्रपदात मोदक हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. होळकरांच्या काळात माळव्यात येऊन स्थिरावलेल्या घराण्यांनी तो जपलाच, शिवाय इंदूरच्या सराफ्यातील जिलबी आणि मावाबाटीही आपलीशी केली. ‘साखरेचे खाणार त्याला देव देणार’ ही म्हण आपण श्रद्धेने उच्चारीत आलो. आज त्या साखरेनेच घरोघरी एक नैतिक प्रश्न उभा केला आहे, आणि त्याचा विचार वैद्यांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, 26.4 टक्के. अर्थात पंगतीत बसलेल्यांपैकी कोणा ना कोणाला गोड जपूनच खावे लागणार. त्याच्याशी आपण कसे वागावे?

रूढ उत्तर असे की, त्याच्यासाठी वेगळी वाटी काढावी. हेतू निःसंशय चांगला. परंतु त्या वाटीबरोबर त्याचे आजारपणही पंगतीत वाढले जाते. शेजारचा विचारतो, ‘‘का हो, तुम्हाला साखर चालत नाही वाटतं?’’ मग औषधांची चौकशी आणि सल्ले सुरू होतात. एका पंगतीत बसण्यातला समभाव त्या वेळी हरवतो. कित्येक वडीलधारी मंडळी या संकोचापायी निमूटपणे सर्वांचेच गोड खातात आणि त्याचे परिणाम भोगतात. आपल्या जिव्हाळ्याने त्यांच्यावर ही पाळी आणावी काय?

दुसरे उत्तर पर्यायांचे. साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजूर घालावा आणि पदार्थ ‘पौष्टिक’ म्हणून निःशंक वाढावा. आयुष्य शासकीय सेवेत गेल्यामुळे आकडे पाहिल्यावाचून आमचे समाधान होत नाही. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 उष्मांक असतात. तेवढ्याच गुळात सुमारे 380. रक्तातील साखर गुळानेही वाढते. नाव पालटले, पदार्थाचा गुण पालटला नाही. कृत्रिम गोडीबाबत जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सांगितले की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा वापर करू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नव्हती. आमचा आक्षेप थोडा निराळा आहे. ‘यात साखर नाही’ एवढ्या आधारावर मनुष्य एका वाटीच्या जागी तीन वाट्या खातो. असा पदार्थ संयमाला साहाय्य करण्याऐवजी त्याला रजा देतो.

आम्हांस तिसरा मार्ग श्रेयस्कर वाटतो. वेगळी वाटी काढू नये. सर्वांच्या पातेल्यातील गोडी कमी करावी.

श्रीखंडाचेच उदाहरण घेऊ. जुन्या रीतीने चक्क्याच्या बरोबरीने साखर घालतात. म्हणजे 100 ग्रॅमच्या वाटीत सुमारे 50 ग्रॅम साखर, आणि केवळ साखरेचे 200 उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली, 2000 उष्मांकांच्या आहारातील दिवसभराची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. आता साय काढलेल्या दुधाचे ताजे दही लावावे आणि ते चांगले निथळून घ्यावे. अर्धा किलो चक्क्यात 100 ग्रॅम साखर व 200 ग्रॅम पिकल्या आंब्याचा गर घालावा. वाटीमागे वरून घातलेली साखर साडेबारा ग्रॅमच भरते. आंब्याची स्वतःची थोडी साखर येते, ती हिशेबात धरावी. दही आंबट नसले की साखर आपोआप कमी लागते. वेलची, केशर व जायफळ उरलेली उणीव भरून काढतात. रोजच्या जेवणात तर एवढाही खटाटोप नको. पिकले केळे व दूध यांचे बिनसाखरेचे शिकरण आपल्या आजी-पणजी करीतच होत्या. मधुमेह्याने मात्र त्यातही केळ्याचे माप ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की, एकासाठी बाकीच्यांनी आपला आनंद का सोडावा? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपल्या पानातच आहे. आपण पानात प्रथम मीठ वाढतो. स्वयंपाक बेताच्या मिठाचा करावा आणि ज्याला अधिक हवे त्याने ते पानातून घ्यावे, ही सोय त्या रीतीत आहे. मग पिठीसाखरेची वाटीही तशीच फिरवावी. ज्याला अधिक गोड हवे त्याने मागून घ्यावे. ज्याला नको त्याला कारण सांगावे लागू नये. आज नेमके उलटे घडते. कमी मागणाराला कारण द्यावे लागते, अधिक खाणाराचे कौतुक होते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले सत्याचे. पदार्थात काय आहे ते मोकळेपणे सांगावे. कमी गोड म्हणजे निर्धोक असा भास निर्माण करू नये, कारण मधुमेह्याला त्या वाटीचाही हिशेब ठेवावा लागतो. दुसरे आग्रहाचे. पाहुणा ‘पुरे’ म्हणाल्यावर पानात पडणारा घास त्याच्या शब्दाचा अनादर करतो. आग्रह एकदाच करावा आणि नकार हसतमुखाने स्वीकारावा.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘युक्ताहारा’चा विचार आला आहे. युक्त म्हणजे योग्य मात्रेचा. आपण हा शब्द आजवर खाणाऱ्याच्या संयमापुरता मर्यादित ठेवला. आमच्या मते तो वाढणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. पाहुण्याला संकोच न वाटता, त्याच्या प्रकृतीला न बाधता, सर्वांच्या बरोबरीने दोन घास गोड खाता यावेत, एवढी काळजी यजमानाने वाहिली तर साखर निम्म्याहून कमी होऊनही आतिथ्यात काही उणे राहणार नाही.